पाणी उतरेपर्यंत

आमच्या गावच्या तलावात एक बेट आहे. दोनशे पावलं लांब, सत्तर-ऐंशी पावलं रुंद, आणि पूर्वेच्या अंगाने सरळ पाण्यात उतरलेला करडा-गुलाबी कातळ. गावात त्याला कोणी बेट म्हणत नाही. ‘टेकडी’ म्हणतात, कारण तलाव बांधण्याआधी ती टेकडीच होती. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा भाग. तलावाचं नाव इथे लिहीत नाही. तिथे पाणकावळ्यांचे पंख आणि वल्ह्याचा आवाज सोडला तर दिवसभर काही ऐकू येत नाही, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

चढाई मी इथे शिकले नाही. नोकरीसाठी सहा वर्षं पुण्यात होते, तिथे एका गटाबरोबर सह्याद्रीत हात बसला. तो सगळा काळा कातळ, बेसाल्ट. आडवे थर, बोटं घालायला खाचा भरपूर, पण कुठली खाच हातात निखळून येईल याचा भरवसा नाही. गावी परत आल्यावर टेकडीकडे पहिल्यांदा चढणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तेव्हा कळलं की हा दगडच वेगळा आहे. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी अजून दख्खनच्या काळ्या कातळाची आहे. तिथून पूर्वेकडे सरकलं की तो संपतो आणि त्याच्या पोटाखालचा जुना खडक उघडा पडतो. भूगर्भशास्त्रात त्याला ‘आमगाव नाईस’ असं नावच आहे, ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाववरून आलेलं. नाईस म्हणजे ग्रॅनाइटच्या जातकुळीचा खडक. दख्खनचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा दोनशे कोटींहून जुना. हाताला खरखरीत, खाचा कमी, उभ्या भेगा जास्त. अशा दगडावर बोटांपेक्षा तळपायावर जास्त विश्वास ठेवावा लागतो.

कोजागिरीच्या रात्री सगळे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलो होतो. दुधाचं पातेलं चुलीवर होतं. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, अकरावीत शिकणारी, म्हणाली, “मावशी, तू सह्याद्रीच्या एवढ्या गोष्टी सांगतेस, मग आपली टेकडी का नाही?” चुलतभाऊ शेजारीच होता. तो दोनदा माझ्याबरोबर गावामागच्या मोठ्या धोंड्यांवर दोर लावून चढलेला. त्याने लगेच मान हलवली. नागपूरची एक मैत्रीण आहे, पेशाने परिचारिका, माझ्याहून चांगली चढते. तिला त्याच रात्री फोन केला. असे आम्ही चौघं ठरलो. सकाळी जायचं, चढायचं, संध्याकाळी परत. मुक्काम नाही. मला वाटलं, पंधरा दिवसांत होईल. प्रत्यक्षात तो दिवस उजाडायला जानेवारीचा तिसरा रविवार लागला.

मैत्रिणीने आधी नवेगावबांध सुचवलं होतं. तिथल्या तलावात मालडोंगरी नावाचं बेट आहे, आणि आजूबाजूला डोंगरही आहेत. पण नवेगाव 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतं. अशा ठिकाणी दोर आणि हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, घेऊन जाण्याचा विचारसुद्धा करू नये. तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी मी डोंगेवाल्या काकांकडे गेले. ढीवर समाजाची मासेमारीची सोसायटी आहे, तलाव त्यांच्याकडे ठेक्याने असतो. काकांचे वडीलही याच पाण्यात जाळं टाकायचे. त्यांना सगळं सांगितलं. ते जाळ्याची गाठ सोडवत होते, हात थांबले नाहीत.

“आता गेली त उभी कुठं राहशीन?” ते म्हणाले. “पानी पार दगडाले लागून हाये. पौष सरत येऊ दे, मंग पाहू.”

मला ते पटलं नाही, म्हणून त्यांनी डोंग्यात बसवून नेलं आणि दाखवलं. ऑक्टोबरचा तलाव काठोकाठ भरलेला. पूर्वेचा कातळ थेट पाण्यातून वर आलेला, पायथ्याला पाय टेकायलाही जागा नाही. दोर खालून सांभाळणारा माणूस, ज्याला आम्ही बिलेयर म्हणतो, त्याला स्थिर उभं राहायला निदान चार हात सपाट जागा लागते. डोंग्यात बसून बिले देता येत नाही. चढणारा घसरला की खालचा माणूस ओढला जातो, आणि डोंगा त्याच्याबरोबर उलटतो. काकांनी लांब बांबू पाण्यात घातला. कमरेएवढ्या खोलीवर टक् असा आवाज आला. “इथं ओटा हाये,” ते म्हणाले. “माघात उघडा पडते.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या सहलीची तारीख आम्ही ठरवणार नाही, पाणी ठरवणार. आमच्याकडचे तलाव मुळात धानासाठी बांधलेले. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी दोन टेकड्यांच्या मध्ये पाळ घालून पाणी अडवलं, आणि अजूनही तलावाची पातळी शेताच्या हिशोबाने हलते. पावसाळ्यात भरतो, खरिपाच्या शेवटच्या पाण्याला थोडा उतरतो, आणि जानेवारीत उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं की भराभर खाली जातो. एप्रिल-मेमध्ये टेकडीभोवती मांडीएवढा चिखल असतो. तेव्हा डोंगाही जात नाही आणि पायीही जाता येत नाही. म्हणजे ओटा उघडा पडल्यापासून चिखल सुरू होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे, तेवढाच काळ आमच्या हातात. उन्हाचा हिशोबही तेच सांगत होता. मार्चनंतर आमच्याकडे हा दगड दुपारी हात लावू देत नाही. जानेवारीत पहाटे गोंदिया-भंडाऱ्याकडे पारा आठ-दहा अंशांवर येतो, दगड थंड आणि कोरडा असतो. थंड दगडावर हाताला घाम येत नाही, आणि खरखरीत दगडावर पकड त्यामुळेच टिकते.

वाट पाहायचीच होती, म्हणून त्या दिवसांत मी बेटांवर चढणारे लोक जगात काय करतात ते वाचत बसले. इंग्लंडच्या पश्चिमेला ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी लंडी नावाचं पाचेक किलोमीटर लांबीचं बेट आहे. ते ग्रॅनाइटचं. चढणारे तिथे फार पूर्वीपासून जातात. पण 1 एप्रिल ते 31 जुलै, समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या काळात, तिथले कितीतरी कडे चढाईसाठी बंद असतात. ते वाचून मी थबकले. पाणी, ऊन, दोर, सगळ्याचा विचार केला होता. टेकडीवर राहतं कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाहणीला गेलो, मी आणि चुलतभाऊ. तो रात्रभर मंडईतलं, म्हणजे गावजत्रेतलं, नाटक पाहून आलेला, डोळे लाल. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून हे दिवस नाटक-दंडारीचे, त्याला काही म्हणता येत नव्हतं. पण त्याचीच नजर आधी गेली.

माझ्या मनात उत्तरेची भिंत होती. सगळ्यात उंच, मधून एक सुरेख सरळ भेग. तिच्या अर्ध्या उंचीवर एक कपार आहे. कपारीखाली दगडावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, आणि पायथ्याशी केस आणि बारीक हाडांच्या सुक्या गोळ्या. त्याने एक गोळी काडीने फोडली. आत उंदराचा जबडा निघाला. आम्ही तसेच मागे सरकलो आणि दूरच्या धोंड्याआड बसून दुर्बिणीने पाहिलं. शृंगी घुबड. पिसांची दोन टोकं कानांसारखी उभी, नारिंगी डोळे अर्धे मिटलेले. हे घुबड घरटं बांधत नाही, कपारीतल्या उघड्या मातीवरच अंडी घालतं, आणि त्याची वीण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे आमचे पाच-सहा आठवडे आणि त्याची वीण एकमेकांवरच येत होते. वर दोर हलला, माणसं बोलली, की मादी अंड्यांवरून उठणार, आणि कावळे टपलेलेच असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी मी ती भिंत चढले नसते. उत्तरेची बाजू सोडली. तिथून शंभर पावलांच्या आत जायचं नाही असं ठरवून, माघारी येताना धोंड्यावर खडूने खूण केली.

दक्षिणेला ऊन दिवसभर. शिवाय तिथे पुढे झुकलेल्या खडकाखाली आग्यामोहळाची तीन जुनी पोळी होती. रिकामी, पण मेणाचे ठसे ताजे. ही माशी दरवर्षी त्याच जागी परत येते. चिडली तर पाण्यात उडी मारूनही सुटका नाही, डोकं वर काढण्याची वाट पाहत वर घोंघावत राहते. दोरावर लटकलेल्या माणसाला तर पळायलाही जागा नसते. दक्षिणही गेली.

राहिली पूर्वेची भिंत, काकांनी बांबूने दाखवलेल्या ओट्यावरची. दोराला दगड बांधून वरून सोडला आणि मोजलं, चौदा मीटर. उंची थोडी, पण भाचीसाठी पहिल्यांदा योग्य. आणि उन्हाच्या दृष्टीने हीच सगळ्यात चांगली निघाली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून चालतो, पूर्वेच्या भिंतीला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि बारानंतर सावली येते. जवळजवळ प्रत्येक हाताएवढ्या अंतरावर मुठीने ठोकत आम्ही दगड ऐकला. ग्रॅनाइटी खडक तापून-निवून कांद्यासारखे पापुद्रे सोडतो. आतून पोकळ पापुद्रा ढब् असा वाजतो, पक्का दगड खणखणीत वाजतो. डावीकडे एक दाराच्या फळीएवढा पापुद्रा ढब् वाजला. त्याच्याभोवतीही खडू फिरवला.

आता अँकर, म्हणजे दोर वर जिथे पक्का अडकवायचा तो आधार. आमची चढाई टॉप रोपने व्हायची होती. म्हणजे दोर आधी वरून लावायचा, त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, दुसरं खाली बिलेयरकडे. पडलं तरी हातभर खाली येऊन माणूस लटकतो. नवख्यांसाठी हीच पद्धत. पण सगळा भार वरच्या अँकरवर, आणि तोच खरा प्रश्न होता. माथ्यावर सालईची चार झाडं आहेत. दिसायला भक्कम, पण खाली मातीचा थर वीतभरच, त्याच्याखाली सलग खडक. तिथे मुळं खोल जाऊच शकत नाहीत. झाडावर भरवसा ठेवला नाही.

भिंतीच्या बरोबर वर, कड्यापासून तीन हातांवर, एक प्रचंड धोंडा आहे. बैलगाडीएवढा. त्याला एक पट्टा गुंडाळला की अँकर तयार, असा धोंडा सह्याद्रीत दिसला असता तर मी आनंदाने ओरडले असते. पण त्याच्या पलीकडच्या बाजूला शेंदूर होता. खाली फुटलेले नारळ, एक पणती, वाळलेली झेंडूची फुलं.

परत आल्यावर काकांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पह्यला मासा त्याच्या नावाचा असते. दोर देवाले नाई बांदत, माय.”

मी हो म्हटलं. मैत्रिणीचं मत फोनवर वेगळं होतं. सुरक्षेच्या बाबतीत तो धोंडा सगळ्यात चांगला आहे, आणि पट्टा शेंदराच्या बाजूला येऊ न देता बांधता येईल, असं ती म्हणाली. ती चुकीचं बोलत नव्हती. पण आम्ही ज्या पाण्यावरून, ज्यांच्या डोंग्यातून जाणार होतो, त्या पाण्याचा तो देव. त्यांना न कळता बांधला असता तर पुढच्या वेळी मी त्यांच्या डोळ्यांत पाहू शकले नसते. मी तिला सांगितलं, धोंड्याशिवाय पक्का अँकर जमला तरच जाऊ, नाही तर नुसतं बेट पाहून येऊ. ती मग एक शनिवार खास त्यासाठी आली आणि दोघी माथ्यावर पोटावर झोपून भेगा तपासत फिरलो. दुपारी सापडल्या. एका रेषेत नव्हत्या, पण तीन स्वतंत्र भेगा, आत अरुंद होत जाणाऱ्या, कडा खणखणीत. दोन भेगांत नट, म्हणजे धातूची पाचर, आणि तिसरीत कॅम, म्हणजे भेगेत फाकून घट्ट बसणारं स्प्रिंगचं साधन. तिन्हींचा भार एकत्र आणून कड्यावर एकच बिंदू करायचा.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण नवखे इथेच चुकतात. दोन पट्ट्यांच्या मधला कोन जितका रुंद, तितका प्रत्येकावरचा ताण वाढतो. 60 अंशांचा कोन असेल तर प्रत्येक बाजूवर भाराच्या साधारण 58 टक्के ताण येतो. 120 अंश झाला तर प्रत्येक बाजूवर पूर्ण 100 टक्के. म्हणजे दोन आधार असूनही एकाचाही भार हलका होत नाही. आमच्या भेगा पसरलेल्या होत्या, म्हणून पट्टे लांब घेऊन कोन अरुंद केला. एक आधार सुटला तरी बाकी दोघांना झटका न बसता भार पेलता आला पाहिजे, अशी गाठ मारून प्रत्येक पट्टा वेगळा बांधला. मग दोघींनी मागे पाय रोवून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढून पाहिलं. हललं नाही.

परवानगीचं काम त्या मानाने रटाळ गेलं. टेकडी वनखात्याच्या हद्दीत नाही, तलावाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्यामुळे पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात गेले. चढाईसाठी अर्जाचा नमुनाच नव्हता, तीन खेपा झाल्या, दोनदा ‘साहेब दौऱ्यावर’. शेवटी साध्या कागदावर माहितीवजा पत्र दिलं. कोण, किती जण, कुठल्या दिवशी, किती वाजता परत, काही ठोकणार-फोडणार नाही. त्याच्या प्रतीवर पोच घेतली. एक प्रत सोसायटीला, एक पोलीस पाटलांना. पोलीस पाटलांनी उलट मलाच विचारलं, अंधार पडला आणि तुम्ही परत आला नाहीत तर मी कोणाला फोन करू? हा प्रश्न कार्यालयात कोणी विचारला नव्हता. मग मी दोन क्रमांक लिहून दिले आणि वेळही लिहून दिली. सहापर्यंत माझा फोन आला नाही तर दुसरा डोंगा निघेल.

साहित्यात एक गोष्ट अशी घडली की अजून आठवली तरी पोटात गोळा येतो. दोर, नट, कॅम, कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) आमचे होते. भाचीसाठी लहान मापाचं हार्नेस आणि हेल्मेट शहरातल्या एकाकडून भाड्याने मागवलं. पार्सल आलं, मी सवयीने प्रत्येक शिवण बोटाने चाचपत गेले. पुढच्या बाजूला जो मजबूत वेढा असतो, ज्यावर माणसाचा सगळा जीव असतो, त्याच्या आतल्या अंगाला धागे उसवून केसाळ झाले होते. वरून नवं दिसत होतं. मी ते परत पाठवलं आणि पैसे सोडून दिले. मैत्रिणीने आपल्या ओळखीतून दुसरं आणलं, तेही दोघींनी तपासलं. भाड्याचं साहित्य घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, शिवण आतून पाहा. दोर आमचा 60 मीटरचा, डायनॅमिक, म्हणजे ताण आला की थोडा लांबणारा. असा एकेरी दोर 80 किलो वजनाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त ताणला जाऊ नये असं मानक आहे. म्हणून पायथ्यापासून पहिले तीन-चार मीटर चढताना दोर कडक ठेवायचा, नाही तर दोराच्या ताणानेच माणूस ओट्यावर आपटतो. कड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा कापून घेतला. ओला दोर कमकुवत होतो, म्हणून सगळं खताच्या पिशव्यांच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये बांधलं.

वेळ मी उलटी मांडत गेले. जानेवारीत आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दुपारी वारा सुटला की तलावावर लाटा येतात आणि भरलेला डोंगा अवघड होतो, म्हणून परतीची वेळ साडेचार. त्याआधी सामान काढायला पाऊण तास. म्हणजे शेवटची चढाई साडेतीनला सुरू व्हायला हवी. सकाळी सहाला निघावं असं आम्हाला वाटत होतं, पण काका रात्री टाकलेली जाळी पहाटे उचलतात, मासळी बाजाराला जाते, आणि मगच डोंगा मोकळा होतो. शिवाय पहाटे पाण्यावर धुकं. म्हणून सुरुवात साडेआठला. एका खेपेत तीनच माणसं आणि थोडं सामान, त्यामुळे दोन खेपा. प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, पोहता येत असलं तरी. भाची तलावाकाठी वाढलेली, ती रुसली, पण घातलं.

जखमी माणसाला परत कसं आणायचं यावर मैत्रिणीने आमची एक अख्खी संध्याकाळ घेतली. बेटावर मोबाइलला रेंज फक्त माथ्यावर. 108 ची गाडी पाळीपर्यंत येईल, पण पाळीपर्यंत माणूस आणायचा आम्हीच. म्हणून काकांनी दिवसभर बेटावरच थांबायचं ठरलं, आणि त्यांच्या त्या दिवसाच्या मासेमारीचे पैसे आधीच दिले. ते घेत नव्हते. भावाने त्यांच्या मुलाच्या हातात ठेवले. सापांचाही विचार झाला. थंडीत घोणस सकाळी उन्हाला दगडावर येऊन पडते, म्हणून न पाहता कुठल्याही कपारीत हात घालायचा नाही, आणि चढणाऱ्याने वरच्या कडेला हात टाकण्याआधी माथ्यावर थांबलेल्याने ती जागा काठीने हलवून घ्यायची.

संक्रांतीनंतर तीन दिवसांनी काकांचा फोन आला. एवढंच म्हणाले, “ओटा दिसते.”

रविवारी सकाळी धुकं साडेआठलाही पूर्ण विरलं नव्हतं. डोंग्यात कोणी बोललं नाही. ओटा कोरडा होता, सहा हात लांब, तीन हात रुंद. त्याच्या वर कमरेपर्यंत दगडावर पाण्याची पांढरी रेघ, आणि रेघेखाली वाळलेलं शेवाळ. हे मात्र आमच्या पाहणीत सुटलं होतं. डिसेंबरात तो भाग पाण्याखालीच होता. शेवाळावर बूट टेकला की साबणासारखा सरकत होता. काकांनी डोंग्यातला नारळाच्या काथ्याचा घासणा काढला आणि आम्ही पहिल्या पाऊलभर जागेपुरतं शेवाळ खरवडलं, त्याहून जास्त नाही. सालईच्या काडीने भावाने वरची कड हलवून घेतली. मैत्रिणीने अँकर लावला, मी स्वतंत्रपणे तपासला, मग तिने पुन्हा तपासला. धोंड्यासमोर आत्याने दिलेला नारळ काकांनी फोडला.

भाची तिसऱ्या प्रयत्नाला वर गेली. पहिल्या दोन वेळा ती हातांनी ओढत होती, बोटं सोलली. मी खालून सांगत राहिले, टाच खाली कर, पोट दगडापासून दूर घे, पायावर उभी राहा. सह्याद्रीत मला जे विसरावं लागलं होतं तेच तिला पहिल्यापासून शिकवत होते. तिसऱ्या वेळी ती मध्ये थांबली, दोन श्वास घेतले, आणि पायांवर चढत गेली. वर पोचून काही ओरडली नाही. उत्तरेकडे घुबड आहे हे तिला माहीत होतं. दोन्ही हात वर केले फक्त.

दिवसभरात चौघांच्या मिळून अकरा चढाया झाल्या. दुपारी तांदळाच्या भाकरी, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, ठेचा. एकच्या पुढे भिंत सावलीत गेली आणि बोटं गार पडली. साडेतीनच्या चढाईला मी गेले. भेगेत हात घालताना दगड इतका गार होता की मनगटापर्यंत कळ आली, आणि वर आल्यावर पाळीपलीकडची धानाची हिरवी रोपवाटिका एका नजरेत दिसली. ज्या पाण्याने आमच्यासाठी ओटा मोकळा केला, ते तिकडेच चाललं होतं.

सामान बांधताना काका ओट्यावर उतरले. कड्याला लागून पाण्यात त्यांनी तोच लांब बांबू सरळ उभा केला, टोक तळाला टेकेपर्यंत दाबला, आणि कोयत्याने पाण्याच्या पातळीवर एक खाच पाडली. मग तिच्या वर चार बोटांवर दुसरी. मी विचारलं, दोन कशाला?

“वरची आली का मी तुले फोन करीन,” ते म्हणाले, “अन् खालची आली का तू निघजो.”